वनस्पतिशोधक डाल्झेल

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात, सह्याद्रीच्या कुशीत, जुन्नर व आंबेगाव हे दोन तालुके वसले आहेत. आंबेगावच्या पश्चिमेस भीमाशंकरचे अरण्य पसरले आहे. जुन्नरनजीक शिवनेरी किल्ला उभा आहे. या मुलुखातील कड्याकपारींत उगवणाऱ्या एका लहानशा वनस्पतीची ओळख शास्त्रीय जगाला प्रथम करून दिली, ती निकोल अलेक्झांडर डाल्झेल यांनी.

डाल्झेल यांचा जन्म १८१७ साली स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरी झाला. विद्यापीठातील शिक्षण पुरे करून १८४१ मध्ये ते मुंबईस आले व सरकारी जकात खात्यात रुजू झाले. काम जकातीचे, परंतु मनाचा ओढा वनस्पतींकडे. कोकणात व घाटांत आढळणाऱ्या वनस्पती ते बारकाईने पाहत, आणि नव्या वाटणाऱ्या वनस्पतींची वर्णने लिहीत. १८५० पासून ही वर्णने इंग्लंडमधील नियतकालिकात प्रसिद्ध होऊ लागली.

त्या काळी डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन हे मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक होते. पुण्याजवळील दापोडीची सरकारी बाग त्यांनी सांभाळली होती. जुन्नरजवळ हिवरे येथेही तशी बाग होती. या दोघांनी मिळून मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा एक मोठा ग्रंथ सिद्ध केला. ‘बॉम्बे फ्लोरा’ हा तो ग्रंथ १८६१ मध्ये मुंबईत छापला गेला. पुढे गिब्सन यांच्यामागून डाल्झेल वनसंरक्षक झाले.

ग्रंथ पुरा झाला, तरी शोध संपला नव्हता. जुन्नरजवळच्या डोंगरांत मिळालेली एक वनस्पती त्या ग्रंथात नव्हती. तिच्या फांद्या जाड व रसाळ. खडकाच्या फटीतून त्या खाली लोंबत. पावसाळ्यात त्यांवर मांसल पाने येत व उन्हाळ्यात ती झडून जात. फुले चांदणीसारखी, पाच पाकळ्यांची, गडद तांबडी आणि त्यांवर पिवळे ठिपके. लोक तिला शिंदळ माकुडी म्हणतात.

एखादी वनस्पती नवी आहे असे म्हणणे सोपे, पण ते सिद्ध करणे कठीण असते. तिची फांदी दाबून वाळवावी लागते. फुलाचा प्रत्येक भाग उलगडून, मोजून, आधी ठाऊक असलेल्या वनस्पतींशी ताडून पाहावा लागतो. शिंदळ माकुडीचे फूल तिचे कुल सांगत होते. रुईप्रमाणे तिचे परागकण सुटे नसून मेणासारख्या पुंजक्यांत होते. परंतु माकडशिंगीसारख्या तिच्या जवळच्या नातलगांना पाने नसतात, किंवा नावापुरती असतात. हिला तर चांगली रुंद पाने होती. मग हिला कोठे बसवावे?

डाल्झेल यांनी तिच्यासाठी स्वतंत्र प्रजातीच स्थापन केली. मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्यावरून त्यांनी तिला ‘फ्रेरिया इंडिका’ हे नाव दिले. ‘इंडिका’ म्हणजे भारतातील. लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकाच्या आठव्या खंडात, १८६४-६५ च्या सुमारास, हे वर्णन प्रसिद्ध झाले.

पुढील अभ्यासकांना पानांचा हा भेद स्वतंत्र प्रजातीसाठी पुरेसा वाटला नाही. आज अनेक शास्त्रज्ञ तिला ‘बोसेरोसिया’ या प्रजातीत गणतात व ‘बोसेरोसिया फ्रेरी’ म्हणतात. अशा रीतीने तिचे स्थान बदलले. पण ती एक वेगळी जाती आहे, हा डाल्झेल यांचा निर्णय मात्र टिकला. शास्त्रात नावे बदलतात. डोळसपणे केलेले निरीक्षण वाया जात नाही.

१८७० मध्ये डाल्झेल निवृत्त झाले. हजारो मैल दूर सागरापलीकडून आलेल्या या माणसाने आपल्या डोंगरांतील दोनशेंहून अधिक वनस्पतींची वर्णने केली. ‘डाल्झेलिया’ या पाणवनस्पतींच्या प्रजातीस त्यांचेच नाव मिळाले आहे. शिंदळ माकुडी महाराष्ट्राबाहेर निसर्गतः कोठेही उगवत नाही. शिवनेरी, पुरंदर अशा मोजक्या डोंगरांवरच ती तग धरून आहे. तिला ओळखणे हे डाल्झेल यांचे कार्य होते. तिला जपणे हे आपले आहे.