जंतूंची ओळख पटविणारे डॉ. रॉबर्ट कॉख

जर्मनीतील क्लाउस्टाल या खाणीच्या गावी १८४३ साली जन्मलेले रॉबर्ट कॉख पुढे व्होलस्टाइन या आडगावी सरकारी डॉक्टर झाले. त्या भागात जनावरे काळपुळीने मरत. कॉख यांनी घरीच सूक्ष्मदर्शक लावला. मेलेल्या जनावरांच्या रक्तात काठीसारखे जंतू दिसले. ते बैलाच्या डोळ्यातील पाण्यात वाढविले, तेव्हा काठीत मण्यांसारखे बीजाणू धरलेले आढळले. हे बीजाणू मातीत वर्षानुवर्षे तग धरतात; म्हणूनच त्याच कुरणात पुन्हा पुन्हा जनावरे दगावत. हा शोध १८७६ चा.

क्षयाचा जंतू मात्र मोठा लबाड! तो सहजासहजी रंग घेत नाही. पुष्कळ खटपटीनंतर तपकिरी पेशींमध्ये बारीक, किंचित वाकड्या निळ्या काड्या उमटल्या. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये कॉख यांनी ही ओळख जाहीर केली. क्षय हा घराण्याचा दोष नसून संसर्ग आहे, हे त्यातून ठरले. आमच्या खेड्याकडे सोयरीक जुळविताना हा रोग अजून लपवितात, म्हणून मला हा शोध सर्वांत मोठा वाटतो. १८८४ साली कलकत्त्यात स्वल्पविरामाच्या आकाराच्या पटकीच्या जंतूची ओळखही त्यांनीच पक्की केली.

पण १८९० साली ते घसरले. ट्युबरक्युलीन हे क्षयावरचे औषध म्हणून त्यांनी पुढे केले आणि त्यात काय आहे ते सांगितलेच नाही. रोगी बर्लिनला धावले, कित्येक दगावले. एरवी पुराव्यावाचून न बोलणाऱ्या माणसाची ही घाई मनाला खटकते. १९०५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, १९१० साली ते वारले. ट्युबरक्युलीनने क्षय बरा झाला नाही. त्वचेत टोचून संसर्ग ओळखण्यासाठी मात्र ते आजही वापरतात.