जेबीएल : तीन अक्षरांमागचे जेम्स लान्सिंग

घरच्या संगीतासाठी पुस्तकांच्या फळीवर मावतील असे स्पीकर घ्यायला निघालेल्या माणसाला दुकानात सर्वांत आधी दिसते ते कंपनीचे नाव. आवाज त्यानंतर कानी पडतो आणि पुष्कळदा तो धड ऐकलाही जात नाही. अशा नावांत 'जेबीएल' हे नाव आपल्याकडे आता घरोघरी परिचयाचे झाले आहे. मोटारीत, चित्रपटगृहात, मंगल कार्यालयात, इतकेच काय पण खिशात मावणाऱ्या इवल्याशा स्पीकरवरही ही तीन अक्षरे दिसतात. ती एका माणसाच्या नावाची आद्याक्षरे आहेत, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही. जेम्स बुलो लान्सिंग हा तो माणूस. व्यापारी नाव म्हणून ही अक्षरे पुढे आली ती १९५५ मध्ये. त्यापूर्वी सहा वर्षे, कर्जाच्या आणि अपयशाच्या ओझ्याखाली, लान्सिंग यांनी आपले आयुष्य संपवले होते.

त्यांचे मूळ नावही लान्सिंग नव्हते. १४ जानेवारी १९०२ रोजी अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, मकूपिन परगण्यातील एका खेड्यात जन्मलेल्या या मुलाचे नाव होते जेम्स मार्टिनी. चौदा भावंडांत त्याचा नववा क्रमांक. वडील कोळसा खाणीत अभियंता होते. कामाच्या निमित्ताने कुटुंबाची बिऱ्हाडे बदलत राहिली. एका मुक्कामी बुलो आडनावाच्या कुटुंबाकडे त्यांचे वास्तव्य होते. पुढे त्या घराचे नाव जेम्सने स्वतःच्या नावात गुंफून घेतले. लहानपणी त्याने विजेचा झटका देणारे लायडन पात्र तयार करून सवंगड्यांच्या खोड्या काढल्याचे सांगतात. बाराव्या वर्षी घरी रेडिओ प्रक्षेपक जुळवल्याचीही एक कथा आहे. तिच्यातील अतिशयोक्ती वगळली, तरी वीज, तार आणि चुंबक यांची ओढ त्याला लवकर लागली होती, एवढे निश्चित. विद्यापीठीय शिक्षण मात्र त्याच्या वाट्याला आले नाही. शालेय शिक्षण, व्यापारी महाविद्यालयातील थोडेफार धडे आणि मोटार दुरुस्तीचा व्यवसाय, एवढीच पुंजी.

१९२४ मध्ये आईचे निधन झाले आणि जेम्सने घर सोडले. यूटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी येथे त्याने एका रेडिओ केंद्रात तंत्रज्ञाची नोकरी पत्करली. पत्नी ग्लेना तेथेच भेटली आणि केन डेकर हा व्यवसायातील भागीदारही. लॉस एंजेलिसला येऊन दोघांनी ९ मार्च १९२७ रोजी 'लान्सिंग मॅन्युफॅक्चरिंग कंपनी' स्थापन केली. त्याच सुमारास जेम्स मार्टिनीचा कायदेशीररीत्या जेम्स बुलो लान्सिंग झाला. कंपनी सहा आणि आठ इंची स्पीकर बनवीत असे आणि ते रेडिओ संचांत बसवले जात. कामाची वाटणी सरळ होती. कारखाना लान्सिंग यांचा, हिशेब आणि बाजारपेठ डेकर यांची. या वाटणीचे मोल पुढे कळणार होते.

चित्रपट बोलू लागले होते, पण त्यांचा आवाज समाधानकारक नव्हता. एमजीएम या चित्रसंस्थेच्या ध्वनी विभागाचे प्रमुख डग्लस शिअरर यांना थिएटरांतील तत्कालीन यंत्रणा पसंत नव्हती. मंद्र स्वरांचा आणि तार स्वरांचा असे दोन वेगळे कर्णे, आणि त्यांतून निघणाऱ्या ध्वनीचा श्रोत्यापर्यंतचा प्रवास कमी-अधिक लांबीचा, हा मोठा दोष होता. एलिनॉर पॉवेल या नर्तकीच्या पदन्यासाचा एकच ठोका पडद्यामागून दोनदा ऐकू येई, असा किस्सा या संदर्भात नेहमी सांगितला जातो. शिअरर यांचे सहकारी जॉन हिलिअर्ड यांनी नवी यंत्रणा आखली आणि तिचे सुटे भाग बनवण्याचे काम लान्सिंग यांच्या कारखान्याकडे आले. तार स्वरांचा 'ड्रायव्हर' हा कळीचा भाग होता आणि त्यात कारखान्यातील जॉन ब्लॅकबर्न यांचा मोठा वाटा होता. 'शिअरर हॉर्न' या नावाने ओळखल्या गेलेल्या या यंत्रणेला १९३६ या वर्षासाठी अमेरिकन चित्रपट अकादमीचे तांत्रिक पारितोषिक मिळाले. ते गेले शिअरर आणि एमजीएमच्या नावे. १९३७ मध्ये लान्सिंग यांनी तेच तत्त्व आकाराने लहान करून 'आयकॉनिक' हा स्पीकर बाजारात आणला. मंद्र आणि तार स्वरांसाठी दोन स्वतंत्र घटक, पण आटोपशीर आकारात, ही आज प्रत्येक छोट्या स्पीकरमध्ये दिसणारी रचना त्यात होती. अर्थात फळीवर ठेवण्याइतका तो लहान नव्हता.

१९३९ मध्ये राखीव हवाई दलाच्या सरावादरम्यान विमान कोसळून केन डेकर यांचा मृत्यू झाला. लान्सिंग यांच्या चरित्रातील हा सर्वांत निर्णायक प्रसंग म्हणावा लागेल. हिशेब सांभाळणारा माणूस गेला आणि दोन-अडीच वर्षांत कंपनी डबघाईला आली. ४ डिसेंबर १९४१ रोजी ऑल्टेक सर्व्हिस कॉर्पोरेशनने ती विकत घेतली. नव्या कंपनीचे नाव 'ऑल्टेक लान्सिंग' झाले आणि लान्सिंग अभियांत्रिकी विभागाचे उपाध्यक्ष. करार पाच वर्षांचा होता.

तांत्रिकदृष्ट्या ही पाच वर्षे अतिशय फलदायी ठरली. स्पीकरची मूळ रचना साधी असते. कागदी शंकूच्या बुडाशी तारेचे वेटोळे असते, त्याला 'व्हॉइस कॉइल' म्हणतात. हे वेटोळे चुंबकाच्या अरुंद फटीत तरंगत असते. संगीताचा विद्युत्प्रवाह त्यातून वाहू लागला की ते पुढे-मागे हलते, त्याबरोबर शंकू हलतो आणि हवेत ध्वनिलहरी उठतात. वेटोळ्यासाठी सामान्यतः गोल तार वापरतात. गोल तारा शेजारीशेजारी बसवल्या की मध्ये पोकळ्या राहतात आणि चुंबकाच्या फटीतील मोलाची जागा वाया जाते. लान्सिंग यांनी चपटी, फितीसारखी तार तिच्या कडेवर उभी करून गुंडाळण्याचे तंत्र विकसित केले. त्यामुळे त्याच फटीत अधिक धातू बसू लागला आणि तेवढ्याच विजेत आवाज अधिक मिळू लागला. कल्पना ऐकायला सोपी वाटते. पण केसांच्या जाडीची चूकही न खपणारे असे वेटोळे रोज शेकड्याने तयार करायचे, तर त्यासाठीची यंत्रेही स्वतःच घडवावी लागतात. लान्सिंग यांची प्रतिभा नेमकी येथे होती. ते सिद्धांतकार नव्हते. सिद्धांत हातात धरता येईल अशी वस्तू घडवणारे ते कारागीर होते. ध्वनिमुद्रण कक्षांत पुढे अनेक दशके प्रमाण मानला गेलेला '६०४ ड्युप्लेक्स' आणि चित्रपटगृहांतील 'व्हॉइस ऑफ द थिएटर' ही यंत्रणा, दोन्ही याच काळातील.

करार संपताच, १९४६ मध्ये, ते ऑल्टेकमधून बाहेर पडले. १ ऑक्टोबर १९४६ रोजी त्यांनी 'लान्सिंग साउंड' ही कंपनी काढली. ऑल्टेकने लगेच हरकत घेतली. लान्सिंग हे नाव आता ऑल्टेकच्या मालकीचे होते. ज्या माणसाने ते नाव स्वतः निवडून घेतले, त्यालाच ते आपल्या पाटीवर लिहिण्यास आडकाठी झाली. अखेर 'जेम्स बी. लान्सिंग साउंड' असे लांबलचक नाव देऊन वाट काढावी लागली.

१९४७ च्या सुमारास या कंपनीतून 'डी-१३०' हा स्पीकर बाहेर पडला. पंधरा इंची शंकू आणि त्याला चार इंच व्यासाचे चपट्या तारेचे वेटोळे. एवढे मोठे वेटोळे ही त्या काळी असाधारण गोष्ट होती. पूर्वी स्पीकरच्या चुंबकाला वेगळा वीजपुरवठा करावा लागे. युद्धानंतर 'अल्निको-५' या मिश्रधातूचे शक्तिशाली कायम चुंबक उपलब्ध झाले आणि लान्सिंग यांनी त्यांचा पुरेपूर उपयोग करून घेतला. चुंबक पुरवणारे रॉबर्ट अर्नोल्ड यांनी त्यांना सवलतीच्या अटी दिल्या होत्या. एक वॅट शक्तीत, एक मीटर अंतरावर, डी-१३० शंभर डेसिबलहून अधिक आवाज देत असे. आज फळीवर मावणारे बहुतेक स्पीकर त्याच कसोटीवर ८४ ते ८८ डेसिबलच्या घरात असतात. आकडे जवळचे वाटतात, परंतु डेसिबलचे गणित फसवे असते. दर तीन डेसिबलला लागणारी शक्ती दुप्पट होते. पंधरा डेसिबलचा फरक म्हणजे सुमारे तीसपट शक्ती. छोटा स्पीकर निवडताना त्याला जोडायच्या ॲम्प्लिफायरचा विचार आधी करावा, असे जाणकार सांगतात ते याचसाठी. कंपनीच्या माहितीपत्रकात हा आकडा संवेदनशीलता या नावाने दिलेला असतो आणि ग्राहक बहुधा त्याकडे दुर्लक्ष करून नुसते वॅट पाहतात.

कारखान्यात असे एकाहून एक सरस काम होत असताना कचेरीत मात्र बिले थकत होती. मार्क्वार्ट या विमान कंपनीने जागा दिली, भांडवल दिले आणि त्या बदल्यात भागभांडवलाचा मोठा हिस्सा घेतला. तिचे प्रतिनिधी म्हणून विल्यम थॉमस संचालक मंडळावर आले. १९४९ मध्ये मार्क्वार्टच दुसऱ्या मोठ्या उद्योगाने विकत घेतली आणि नव्या मालकांना स्पीकरमध्ये रस उरला नाही. लान्सिंग पुन्हा एकटे पडले. डेकर यांच्यानंतर पैशाचा व्यवहार सांभाळणारा भरवशाचा माणूस त्यांना फार काळ लाभलाच नव्हता. सप्टेंबर १९४९ मध्ये सॅन मार्कोस येथील आपल्या मळ्यावर त्यांनी जीवनयात्रा संपवली. वय अवघे ४७ वर्षे. मागे ग्लेना आणि मुले होती.

लान्सिंग यांच्या दहा हजार डॉलरच्या आयुर्विम्याची लाभार्थी कंपनी होती. त्या रकमेने कंपनी तगली. थॉमस यांनी सूत्रे हाती घेतली, ग्लेना यांच्या वाट्याचा एक तृतीयांश हिस्सा विकत घेतला आणि व्यवसायाला वळण लावले. लान्सिंग यांना व्यवहारशून्य अलौकिक पुरुष ठरवणाऱ्या कथा पुष्कळ लिहिल्या गेल्या. त्यांत थॉमस यांना मिळणारी जागा तोकडी असते. वास्तविक लान्सिंग यांच्या हयातीत जे जमले नाही, ते थॉमस यांनी पुढील वीस वर्षांत करून दाखवले. ऑल्टेकशी नावावरून चाललेली कटकट मिटवण्यासाठी १९५५ मध्ये 'जेबीएल' ही तीन अक्षरे पुढे आली, तीही त्यांच्याच कारकिर्दीत.

मग पुस्तकांच्या फळीवरच्या स्पीकरचे काय? त्याचे श्रेय लान्सिंग यांना देता येणार नाही. १९५४ मध्ये एडगर विल्चर यांनी पूर्व किनाऱ्यावर, केंब्रिज येथे, बंद पेटीतील हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून लहान पेटीतून खोल मंद्र स्वर काढून दाखवले. लान्सिंग यांच्या विचारसरणीच्या हे अगदी उलट होते. त्यांनी थोड्या विजेत मोठा आवाज मिळवला आणि त्यासाठी मोठा आकार पत्करला. विल्चर यांनी आकार घटवला, मंद्र स्वर राखले आणि त्याची किंमत म्हणून अधिक वीज खर्ची घातली. लहान आकार, खोल मंद्र स्वर आणि थोड्या विजेत मोठा आवाज या तिन्ही गोष्टी एकाच पेटीत पूर्णपणे मिळत नाहीत. भौतिकशास्त्र ती सवलत देत नाही. १९५८ च्या सुमारास स्टिरिओ तबकड्या आल्या आणि घरात एकाऐवजी दोन स्पीकर मांडणे भाग पडले. कपाटाएवढ्या दोन पेट्यांना दिवाणखान्यात जागा कुठून आणणार? लहान पेट्यांची चलती तेथून सुरू झाली.

जेबीएलने या क्षेत्रात मोठे यश मिळवले ते १९७० मध्ये, 'एल-१००' या स्पीकरमुळे. बारा इंची मंद्र घटकाची, पुढे रंगीत स्पंजची चौकडीदार जाळी असलेली ही पेटी फळीवरची म्हणून विकली गेली. ती पेलणारी फळी मात्र मजबूत हवी. ध्वनिमुद्रण कक्षांसाठी बनवलेल्या '४३१०' या स्पीकरची ती घरगुती आवृत्ती होती. आणि ४३१० तयार करताना अभियंत्यांपुढे नमुना होता तो प्रतिस्पर्धी ऑल्टेकच्या ६०४ ड्युप्लेक्सचा, कारण ध्वनिमुद्रकांच्या कानांना तोच आवाज सवयीचा झाला होता. स्वतःची कंपनी काढण्यापूर्वी लान्सिंग यांनी ऑल्टेकमध्ये केलेले काम असे फेरा घेऊन त्यांच्याच आद्याक्षरांखाली परत आले.

थॉमस यांनी १९६९ मध्ये कंपनी सिडनी हरमन यांच्या उद्योगसमूहाला विकली. २०१७ मध्ये तो समूह सॅमसंगच्या मालकीचा झाला आणि २०१८ मध्ये एल-१०० नव्या रूपात पुन्हा बाजारात आला. ऑल्टेक लान्सिंग हे नावही टिकून राहिले. १९९० नंतर ते संगणकाच्या स्पीकरवर झळकले आणि भारतातही अनेक घरांत पोहोचले. त्या काळात एखाद्याच्या टेबलावर संगणकाला ऑल्टेक लान्सिंगचे आणि शेजारच्या फळीवर जेबीएलचे स्पीकर असणे मुळीच अशक्य नव्हते. दोन्ही पाट्यांवर एकाच माणसाचे नाव होते, एकीवर पूर्ण आणि दुसरीवर आद्याक्षरांत.