रुग्णालयाच्या फाटकाबाहेरचे छप्पर

अपघात विभागात जखम शिवली जाते, ताप उतरतो आणि रुग्णाच्या हाती डिस्चार्ज कार्ड पडते. त्यावर औषधे असतात, पुन्हा येण्याची तारीख असते. हा माणूस आज रात्री कोठे निजणार, याची नोंद मात्र सहसा नसते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या गाडगेबाबांनी नेमकी हीच उणीव सुमारे सत्तर वर्षांपूर्वी हेरली होती.

देबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. वडील दारूपायी अकाली गेले. आईसह ते दापुरीस मामांच्या आश्रयाला आले. तेथे त्यांनी गुरे राखली, शेती कसली. परक्या छपराचे मोल त्यांना असे बालपणीच कळले. १९०५ मध्ये त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हाती खराटा आणि मडक्याचे खापर एवढाच त्यांचा संसार उरला. दिवसा गाव झाडावे आणि रात्री कीर्तनातून कर्ज, दारू व अस्पृश्यता यांवर कोरडे ओढावेत, हा त्यांचा नित्यक्रम होता. लोकांनी दिलेल्या पैशांतून नाशिक, पंढरपूर, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली.

यात्रेकरूंप्रमाणेच खेड्यातून मुंबईस येणारा रोगीही निराधार असतो, हे त्यांनी जाणले. १९५४ मध्ये जे. जे. रुग्णालयानजीक रुग्णांच्या नातेवाइकांसाठी त्यांची धर्मशाळा झाली. आजही त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा कर्करुग्णांना आसरा देते. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ त्यांचे निधन झाले. त्यांच्या दशसूत्रीत बेघरांना आसरा आणि रोग्यांना औषधोपचार ही दोन्ही कर्तव्ये एकत्र आहेत.

परभणीकरांनी या चरित्राकडे केवळ पुण्यतिथीपुरते पाहू नये. येथील कितीतरी कुटुंबे दर वर्षी ऊसतोडीला जातात. अशा घरातील मागे राहिलेला वृद्ध, अथवा फडावर जखमी होऊन परतलेला मजूर, रुग्णालयातून सुटला तर त्याच्या घराला कुलूप असते. ओली जखम घेऊन तो बसस्थानकावर निजतो आणि काही दिवसांत पुन्हा त्याच खाटेवर येतो. शासनाचा पहिला खर्चही वाया जातो.

उपाय अवघड नाहीत. दाखल होतानाच रुग्णाला घराविषयी विचारावे. ज्याला घर नाही, त्याची सोय लागेपर्यंत समाजसेवा अधीक्षकाने त्याला सोडू देऊ नये. शहरी बेघरांसाठीच्या केंद्राच्या २०१३ च्या योजनेत दर लाख वस्तीमागे शंभर जणांच्या निवाऱ्याचे प्रमाण ठरले होते. २०११ च्या जनगणनेत परभणी शहराची वस्ती तीन लाखांवर होती. म्हणजे निदान तीनशे जागा हव्यात. त्यांतील काही रुग्णालयालगत, आजाऱ्यांसाठी राखीव असाव्यात. महानगरपालिकेने एवढा हिशेब तरी जनतेपुढे मांडावा.