छिंदवाड्यातले नजरकैदी : मौलाना मोहम्मद अली जौहर

पांढुर्णा आणि सौंसर 2023 मध्ये छिंदवाड्यापासून वेगळे होऊन नव्या जिल्ह्यात आले. त्याआधी कोर्ट-कचेरीपासून कलेक्टरच्या सहीपर्यंत आपली सगळी कामं छिंदवाड्यालाच व्हायची. त्याच छिंदवाड्यात पहिल्या महायुद्धाच्या काळात देशातला एक मोठा संपादक साडेतीन वर्षं अडकवून ठेवला होता. त्याच्यावर खटला नव्हता, आरोपपत्र नव्हतं, शिक्षाही नव्हती. नाव मोहम्मद अली जौहर.

जन्म 10 डिसेंबर 1878, रामपूर. वडील लहानपणीच गेले. आई आबादी बानो बेगम, ज्यांना पुढे सगळा देश बी अम्मा म्हणू लागला, त्यांनी मुलांना इंग्रजी शिक्षण दिलं. अलिगढनंतर मोहम्मद अली ऑक्सफर्डला गेले, इतिहास शिकले. परत आल्यावर काही वर्षं बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात नोकरी केली. पण मन लिहिण्यात होतं. 1911 मध्ये कलकत्त्यात त्यांनी ‘कॉम्रेड’ हे इंग्रजी साप्ताहिक काढलं. पुढे ते दिल्लीला नेलं आणि जोडीला ‘हमदर्द’ हे उर्दू दैनिक सुरू केलं.

1914 मध्ये युद्ध पेटलं. तुर्कस्तान इंग्रजांच्या विरुद्ध बाजूला जाणार अशी चिन्हं होती. मोहम्मद अलींनी तुर्कांची बाजू समजावणारा लांबलचक लेख लिहिला. सरकारने प्रेस कायद्याखाली ‘कॉम्रेड’चा जामीन जप्त केला आणि पेपर बंद पडला. मार्च 1915 मध्ये भारत संरक्षण कायदा आला. नुसत्या संशयावरून, कोर्टापुढे उभं न करता, माणसाला एका गावात डांबून ठेवायचा अधिकार सरकारला मिळाला. मे 1915 मध्ये मोहम्मद अली आणि थोरले भाऊ शौकत अली यांच्यावर तो हुकूम बजावला गेला. आधी मेहरौली, मग लॅन्सडाउन आणि त्या वर्षाच्या शेवटी छिंदवाडा.

सरकारची भीती अगदीच हवेतली नव्हती. युद्ध चालू होतं, तुर्कस्तान शत्रू होता, आणि अलीबंधूंची सहानुभूती उघड होती. पण सहानुभूती हा गुन्हा असेल तर तो कोर्टात सिद्ध करायला हवा होता. तसं काही झालं नाही. गाव सोडायचं नाही, पत्रं आधी सरकार वाचणार, असं जगणं सुरू झालं. या काळात मोहम्मद अलींनी कुराणाचा अभ्यास केला, कविता लिहिल्या. त्यांच्या बाजूने कायद्याचं काम पाहिलं ते छिंदवाड्याच्या घाटे वकिलांनी. गांधीजींचा पत्रव्यवहारही या मराठी वकिलांशी होता.

1917 मध्ये सरकारने सुटकेसाठी लेखी हमी मागितली. आपल्या धर्माच्या कर्तव्याला बाधा न येता, एवढी एक अट घालून दोघा भावांनी हमी द्यायची तयारी दाखवली. सरकारला ती अट चालली नाही. अट काढली असती तर घरी जाता आलं असतं. त्यांनी काढली नाही. त्याच वर्षी मुस्लिम लीगने कलकत्त्याच्या अधिवेशनाचं अध्यक्षपद मोहम्मद अलींना दिलं. अध्यक्ष नजरकैदेत, म्हणून खुर्चीवर त्यांची तसबीर ठेवली. तिथेच भरलेल्या काँग्रेसनेही सुटकेची मागणी केली आणि लोकमान्य टिळक त्या बाजूने बोलले. 1918 मध्ये गांधीजींनी व्हाइसरॉयला लिहिलं. उपयोग झाला नाही.

नोव्हेंबर 1918 मध्ये युद्ध संपलं, नजरकैद मात्र संपली नाही. युद्धापुरते घेतलेले अधिकार पुढेही हातात राहावेत म्हणून मार्च 1919 मध्ये रौलट कायदा आला. जूनमध्ये भावांना छिंदवाड्याहून बैतूलच्या तुरुंगात नेलं. डिसेंबर 1919 मध्ये बादशहाच्या जाहीरनाम्याने सुटका झाली आणि ते थेट अमृतसरच्या काँग्रेसला पोहोचले.

पुढे 1921 मध्ये कराचीत त्यांच्यावर उघड खटला चालला. आरोप वाचले गेले, त्यांनी भरकोर्टात आपली बाजू मांडली आणि दोन वर्षांची शिक्षा झाली. आता हिशोब करून बघा. खटला चालवून दोन वर्षं, आणि खटला न चालवता साडेचार!

1923 मध्ये ते काकीनाडा काँग्रेसचे अध्यक्ष झाले. नंतर गांधीजींशी मतभेद झाले, वाटा वेगळ्या झाल्या. गोलमेज परिषदेला गेले असताना 4 जानेवारी 1931 रोजी लंडनमध्ये त्यांचं निधन झालं. दफन जेरुसलेममध्ये झालं.

ते कायदे गेले, पण खटल्याशिवाय अटकेत ठेवण्याची सोय आपल्या राज्यघटनेतही राहिली. आणीबाणीत तिचा किती वापर झाला हे सगळ्यांना माहीत आहे. 1976 चा गाजलेला निकाल तर आपल्याच राज्यातल्या जबलपूरच्या प्रकरणाच्या नावाने ओळखला जातो. सर्वोच्च न्यायालयाने तो 2017 मध्ये चुकीचा ठरवला. 1980 च्या राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली आजही कलेक्टरच्या हुकमाने माणूस आत जाऊ शकतो, बारा महिन्यांपर्यंत.

गोटमारीच्या वेळी निघणारा जमावबंदीचा आदेश आपण पाहतो. त्यावर तारीख असते, कारण असतं, मुदत असते. माणसाला आत टाकणाऱ्या हुकमाकडून तर त्याहून जास्त अपेक्षा ठेवायला हवी. कारण काय, मुदत किती, तपासणार कोण, हे तीन प्रश्न छिंदवाड्यातल्या त्या नजरकैद्याला विचारायची सोय नव्हती. आपल्याला आहे. अटकेतला माणूस आपल्या मताचा असो वा नसो, हे प्रश्न विचारले पाहिजेत.