लाटेकमधल्या = चिन्हामागचा माणूस: रॉबर्ट रेकॉर्ड

चार-पाच ओळींचं समीकरण असलं की मी लाटेकमध्ये सरळ 'अलाइन' वापरतो. प्रत्येक ओळीत = च्या आधी & टाकायचं, ओळ संपली की \\. सगळी = चिन्हं एकाखाली एक येतात, नंबरही आपोआप पडतात. एखाद्या ओळीला नंबर नको असेल तर तिथे 'नोटॅग' लिहायचं.

पण मित्रांनो, ज्याच्या आधाराने हे सगळं जुळतं ते = आलं कुठून?

वेल्समधल्या टेन्बी गावच्या रॉबर्ट रेकॉर्डकडून. जन्म १५१० च्या सुमाराचा. ऑक्सफर्ड, केंब्रिजला शिकून डॉक्टर झाला, पण गणिताची पुस्तकं लिहिली आणि तीही लॅटिनऐवजी साध्या इंग्रजीत. १५५७ मध्ये त्याचं 'द व्हेटस्टोन ऑफ विट' आलं. 'च्या बरोबर आहे' हे शब्द सारखे लिहायला नकोत म्हणून त्याने दोन समांतर रेघा मारल्या. त्यांच्याहून सारख्या दोन गोष्टी त्याला दिसेनात. रेघा आजच्यापेक्षा चांगल्याच लांब होत्या. मला भारी वाटतं ते हे, की त्याच पानावर समीकरणं एकाखाली एक आहेत, डावीकडे १ ते ६ नंबर घालून! पहिलं आपल्या पद्धतीने १४क्ष + १५ = ७१. (क्ष काढून बघा.)

शेवट मात्र वाईट झाला. सरकारी टांकसाळ आणि खाणींच्या कामात अर्ल ऑफ पेम्ब्रोकशी त्याचं वाजलं. त्याने अर्लवर आरोप केले, अर्लने बदनामीचा दावा ठोकला. १००० पौंड भरायचा निकाल लागला. १५५८ मध्ये रेकॉर्ड लंडनच्या तुरुंगातच वारला. बाकीच्यांनी ते चिन्ह उचलायला पुढे कित्येक दशकं गेली.