लंडनमधला एकटा विद्यार्थी : नात्सुमे सोसेकी

मुलांनो, १९८४ साली निघालेल्या हजार येनच्या नोटेवर एका मिशीवाल्या गृहस्थांचे चित्र होते. ते जपानचे थोर कादंबरीकार नात्सुमे सोसेकी. साहित्यातले आम्हा इंजिनिअर मंडळींना फारसे कळत नाही. पण नोकरीसाठी जपानला आल्यावर स्टेशनवरची पाटीही वाचता येईना, तेव्हा आम्हाला सोसेकी फार जवळचे वाटले. का, ते सांगतो.

त्यांचा जन्म १८६७ साली एदो, म्हणजे आजच्या टोकियोत झाला. इंग्रजी वाङ्मयाची पदवी घेऊन ते कुमामोतोला शिकवू लागले. १९०० साली सरकारने त्यांना शिष्यवृत्ती देऊन इंग्लंडला पाठवले. पत्नी आणि लहान मुलगी मागे राहिली. धाकट्या मुलीचा जन्म तर ते तिकडे असतानाच झाला.

ऑक्टोबरअखेर ते लंडनला पोचले. इतकी वर्षे इंग्रजी शिकवलेली, पण रस्त्यावरचे लंडनी बोलणे समजेना! शहर धुराने भरलेले. थुंकीसुद्धा काळी पडे. एकदा समोरून एक बुटका, विचित्र रंगाचा माणूस येताना दिसला. जवळ जाऊन पाहतात तो आरशातले स्वतःचेच प्रतिबिंब! फेब्रुवारी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया राणीची अंत्ययात्रा निघाली. गर्दीत त्यांना काही दिसेना, म्हणून घरमालकाने त्यांना चक्क खांद्यावर घेतले.

शिष्यवृत्ती वर्षाला १८०० येन. तेवढ्यात केंब्रिज परवडणारे नव्हते. लंडनच्या कॉलेजातली व्याख्यानेही त्यांनी लवकरच सोडली. क्रेग नावाच्या शेक्सपिअरच्या अभ्यासकाकडे मात्र ते शिकवणीला जात. बाकीचे पैसे पुस्तकांत घालायचे आणि कधी दुपारचे जेवण बिस्किटांवर भागवायचे. दोन वर्षांत पाच ठिकाणी बिऱ्हाड बदलले. पुढे खोलीत कोंडून घेऊन ते इतके वाचू लागले, की त्यांना वेड लागल्याची बातमी जपानपर्यंत गेली. त्यातच जिवलग मित्र, कवी मासाओका शिकी वारल्याचे कळले.

पण त्याच खोलीत त्यांना एक गोष्ट उमगली. इंग्रज टीकाकार ज्याला चांगले म्हणत, त्याला आपणही नुसते चांगले म्हणत आलो. आता आपल्याला काय वाटते ते आपणच ठरवायचे. पुढे १९१४ साली एका व्याख्यानात त्यांनी हे विद्यार्थ्यांना मोकळेपणाने सांगितले.

जानेवारी १९०३ मध्ये ते परतले. मन दुखावलेलेच होते आणि त्यांच्या संतापाचा त्रास घरच्यांना सोसावा लागला. हेही सांगायला हवे, कारण एकटेपणाची किंमत एकटा माणूस भरत नाही. १९०५ मध्ये एका मांजराच्या तोंडून माणसांची गंमत सांगणारी त्यांची कादंबरी येऊ लागली आणि सारा जपान हसला. पुढे ‘बोच्चान’, ‘कोकोरो’ आली. ९ डिसेंबर १९१६ रोजी, ४९ व्या वर्षी ते वारले.

शाळेत तुमचा एखादा जपानी शब्द चुकतो, किंवा आजीशी फोनवर बोलताना मराठी शब्द अडतो, तेव्हा तुम्ही गप्प होता. आम्हीही ऑफिसात असेच गप्प बसत होतो. घरी येऊन मात्र बोलत जा, आम्ही ऐकू.

सोसेकी जिथे वारले, तिथे शिंजुकूत २०१७ पासून त्यांचे संग्रहालय आहे. वासेदा स्टेशनपासून चालत जाता येते. एखाद्या रविवारी सगळे मिळून जाऊ या का?