भोंग्यामागचा माणूस

मी नागपूरचा. आमच्या घरचे घड्याळ एम्प्रेस मिलच्या भोंग्यावर लागे. त्या भोंग्यामागच्या माणसाची ओळख मात्र मला फार उशिरा झाली.

जमशेटजी टाटा १८३९ साली नवसारीत जन्मले. गिरणी काढायची ती मुंबईतच, असा त्या वेळचा रिवाज. त्यांनी मात्र कापसाच्या मुलखातले नागपूर निवडले आणि जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा भरून काढली. एका सावकाराला हे सोने मातीत पुरणे वाटले. त्याने हात आखडता घेतला. १ जानेवारी १८७७ रोजी गिरणी सुरू झाली.

पहिली यंत्रे स्वस्तातली होती. सूत मनासारखे निघेना. जमशेटजींनी चूक पदरात घेतली, यंत्रे बदलली. पुढे रिंग फ्रेमचे नवे तंत्रही त्यांनी लवकर आणले. रेल्वेतून आलेले बेझनजी मेहता व्यवस्थापक म्हणून पाठीशी होते. कायद्याची सक्ती नसताना १८८६ साली कामगारांसाठी पेन्शन फंड निघाला, १८९५ साली अपघाताची भरपाई सुरू झाली.

जमशेटजी १९०४ साली जर्मनीत वारले. गिरणी मात्र चालत राहिली. १९८६ साली ती सरकारी महामंडळाकडे गेली, २००२ साली बंद पडली. शंभरावर वर्षे हा काही लहान पल्ला नव्हे. कमाईतला वाटा यंत्राला आणि माणसाला परत मिळत राहिला, तरच कारखाना टिकतो, हे मी या गिरणीकडून शिकलो.

आता त्या जागेवर मॉल आहे. नातवंडांना घेऊन जातो, तेव्हा माझे कान उगाच भोंगा शोधतात.